मोज्यातल्या बाटल्या

मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी दारूच्या थेंबालाही न शिवलेली बाई. नुसती न शिवलेली नाही, तर गेली १५ वर्षं आमच्या तालुक्यात 'आडव्या बाटली'साठी दारोदार हिंडलेली. मतपत्रिकेवरची ती दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिली असतील. त्या आडव्या चित्रासाठी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. आणि हे काही केवळ समाजकार्य नाही. माझे धाकटे दीर वयाच्या ४१ व्या वर्षी गेले, ते दारूनंच. जाऊबाईंची पोरं आमच्याच घरात वाढली.

अशी मी गेल्या ऑक्टोबरात स्कॉटलंडमध्ये एका स्वयंपाकघरात उभी राहून मापानं व्हिस्कीचे ग्लास मांडत होते. परत आल्यावर मंडळात हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणून म्हटलं, सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

त्याचं असं झालं, की ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ताई आणि दाजी एडिंबराजवळच्या लीथ बंदरात राहतात, तीसेक वर्षं झाली. मुलं लांब. मग मदतीला मी गेले. पहिले पंधरा दिवस पथ्यपाणी, व्यायाम, वरण-भात यातच गेले. मग एका गुरुवारी ताई कुबडी टेकत आली नि म्हणाली, "अगं, शनिवारी यांची बैठक आहे. दरवेळी मांडामांड मी करते. आता इतका वेळ उभं राहवत नाही. तू करशील का?"

कसली बैठक, तर दाजी आणि त्यांचे पाच मित्र-मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतात. सहा बाटल्या असतात. कुठल्या ग्लासात कुठली हे कुणालाच ठाऊक नसतं. वास घ्यायचा, चाखायचं, गुण द्यायचे आणि मगच नावं उघडायची. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. ताईनं आग्रह केला नाही. "बरं," म्हणाली, "पण न पिणारं माणूसच या कामाला हवं असतं गं. पिणारा मांडायला बसला तर त्याचंच काहीतरी डोक्यात असतं."

ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसलं.

त्या संध्याकाळी दाजी मला बंदरावर फिरायला घेऊन गेले. त्यांना माझं काम माहीत आहे, त्यामुळे समजूत घालायच्या भानगडीत ते पडले नाहीत. नुसती माहिती सांगत गेले. स्कॉच म्हणजे काय, तर कायद्यानं ती स्कॉटलंडमध्येच तयार व्हावी लागते. ओकच्या लाकडाच्या पिंपात, आणि ते पिंपही ७०० लिटरपेक्षा मोठं नको, किमान ३ वर्षं मुरावी लागते आणि बाटलीत भरताना मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. पिंपं बहुतेक जुनी, दुसऱ्यांनी वापरलेली. अमेरिकेत बर्बन नावाच्या व्हिस्कीला कायद्यानं दरवेळी आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप लागतं. त्यांची एकदा वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला येतात. स्पेनच्या शेरी वाइनची मोठी पिंपंही येतात. आणि मुरत असताना लाकडातून दरवर्षी साधारण २ टक्के माल हवेत उडून जातो. त्याला तिथले लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे देवदूत नाहीत, सगळा वाटा घरधनीच घेतो. दाजी हसले नाहीत. बरं केलं.

आता या बैठकीतल्या बाटल्या कसल्या, ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. डिस्टिलरी आपली व्हिस्की आपल्या नावानं विकते हे झालं नेहमीचं. पण तिथे आणखी एक जमात आहे, स्वतंत्र बॉटलर. यांची स्वतःची भट्टी असेलच असं नाही. ते वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांकडून पिंपंच्या पिंपं विकत घेतात, मुरवतात आणि आपलं लेबल लावून बाटलीत भरतात. विणकराकडून पैठणी घेऊन दुकानदारानं आपल्या पेढीच्या नावानं विकावी, तसं काहीसं. यातल्या जुन्या पेढ्या चक्क किराणा दुकानातून सुरू झालेल्या. एल्गिन गावातली गॉर्डन अँड मॅकफेल ही पेढी १८९५ मध्ये चहा, किराणा आणि दारूचं दुकान म्हणून उघडली. कॅडनहेड्स तर १८४२ ची. गॉर्डन अँड मॅकफेलनं २०२३ मध्ये जाहीर केलं, की २०२४ पासून दुसऱ्यांच्या भट्ट्यांवरचा नवा माल पिंपात भरायचं बंद. सव्वाशे वर्षांचा धंदा त्यांनी आता स्वतःच्या भट्ट्यांकडे वळवला.

डिस्टिलरी आपल्या नावाची बाटली भरते तेव्हा बहुधा शेकडो पिंपं एकत्र मिसळते, म्हणजे दरवर्षी चव तीच लागावी. स्वतंत्र बॉटलर बरेचदा एकच पिंप घेतो. त्यातून दोन-तीनशे बाटल्या निघतात आणि संपलं, तशी पुन्हा मिळणे नाही. आपलंही तसंच असतं बघा. एकाच कैऱ्या, एकच मसाला, पण दोन बरण्यांत घातला तर सहा महिन्यांनी दोन्ही बरण्यांची चव सारखी लागेलच असं नाही. हे लोक त्या एका बरणीची चव विकतात. त्यात सहसा रंग घालत नाहीत, पाणी घालून सौम्यही करत नाहीत. मद्यार्क ५५, कधी ६० टक्क्यांपर्यंत असतो.

आणि कित्येकदा लेबलावर डिस्टिलरीचं नावच नसतं. दुसऱ्याच्या बाटलीवर आपलं नाव नको, असं बऱ्याच डिस्टिलऱ्यांना वाटतं. काही जण तर पिंप विकताना त्यात दुसऱ्या भट्टीची चमचाभर व्हिस्की घालून देतात. मग कायद्यानं ती एका भट्टीची राहतच नाही, त्यामुळे घेणाऱ्याला ते नाव वापरता येत नाही! लीथमध्येच एक जुनी गोदामाची इमारत दाजींनी दाखवली. तिथे १९८३ मध्ये स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी सुरू झाली. त्यांच्या बाटलीवर डिस्टिलरीचं नाव नसतं, नुसते आकडे. पहिला आकडा भट्टीचा, टिंबापुढचा पिंपाचा. रेशनकार्डासारखं.

"नाव दिसलं की जीभ आधीच ठरवून मोकळी होते," दाजी म्हणाले. मग त्यांनी मला चहाची गोष्ट सांगितली. साधारण १९२० च्या सुमाराची, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातली. तिथल्या म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. सगळे हसले. पण रोनाल्ड फिशर नावाच्या गणितीनं ते मनावर घेतलं. आठ कप करायचे, चार असे नि चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, बाईंनी न बघता ओळखायचं. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. बाईंनी सगळे ओळखले, असं सांगतात. फिशरनं १९३५ मध्ये प्रयोग कसे मांडावेत यावर पुस्तक लिहिलं, त्यात ही चहाची गोष्ट आहे. औषधांच्या चाचण्यांपासून पिकांच्या प्रयोगांपर्यंत सगळीकडे पुढे त्याची पद्धत गेली.

चहा आला म्हणून असेल, पण मी ताईला हो म्हटलं. अट एकच, मी चाखणार नाही.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात सहा बाटल्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीला दाजींचा एकेक जुना लोकरी मोजा गळ्यापर्यंत चढवलेला! मला हसूच आवरेना. बाटलीचा आकारही ओळखू येतो म्हणून मोजा. ताई दार लावून स्टुलावर बसली. खोकल्याच्या औषधावर येतं तसं मापाचं टोपण, त्यानं १५ मिली एकेका ग्लासात ओतलं आणि ग्लासाच्या बुडाला क, ख, ग अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. मग ती बाहेर. मी आत. मी त्या चिठ्ठ्या काढून १ ते ७ आकडे लावले आणि कुठल्या अक्षराला कुठला आकडा ते माझ्या कागदावर लिहिलं. म्हणजे कुठल्या अक्षरात कुठली बाटली ते ताईला ठाऊक, कुठलं अक्षर कुठल्या आकड्याला ते मला. दोघींना मिळूनच सगळं कळणार. ताई म्हणाली, "मांडणारीला ठाऊक असलं की तिच्या चेहऱ्यावरून कळतं. पाहुणे आल्यावर आपण नाही का, आपण केलेल्या भाजीकडेच बघत बसतो!"

बाटल्या सहा आणि ग्लास सात? मी विचारलं. ताईनं नुसतं ओठावर बोट ठेवलं.

ग्लास ट्युलिपच्या फुलासारखे, पोटात रुंद नि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास वर गोळा होतो. सहा माणसांचे ४२ ग्लास, ज्यानं-त्यानं आपापले खोक्यातून आणलेले. त्यावर झाकणं. आणि दिव्यावर लाल कागद गुंडाळलेला. रंग दिसू नये म्हणून. गडद रंग म्हणजे जुनी आणि चांगली, असं माणूस धरून चालतो. खरं तर स्कॉचमध्ये साखर जाळून केलेला रंग घालायला कायद्यानं मुभा आहे, त्यामुळे रंगावरून वय ठरवण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये बोर्डोच्या वाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, २००१ मध्ये छापून आला. पांढऱ्या वाइनमध्ये बिनचवीचा लाल रंग घालून दिला, तर त्यांनी वर्णन लाल वाइनचं लिहिलं. शिकलेली माणसं हं ही.

बैठक सुरू झाली आणि मी थक्क झाले. एवढी शांतता मी दारूच्या टेबलावर जन्मात पाहिली नव्हती. परीक्षेचा हॉलच जणू. प्रत्येकापुढे गुणांचा तक्ता. वासाला २५, चवीला २५, शेवटाला २५, म्हणजे घोट गेल्यावर तोंडात काय नि किती वेळ उरतं त्याला, आणि सगळ्याचा मेळ कसा बसलाय त्याला २५. प्रत्येकजण वेगळ्या ग्लासापासून सुरुवात करणार, म्हणजे क्रमाचा परिणाम एकाच ग्लासावर पडायला नको. दोन थेंब पाणी घालून पुन्हा वास. मध्ये साधं पाणी, साधं बिस्किट. आणि मधोमध चक्क पीकदाणी! घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. दाजी म्हणाले, व्हिस्कीच्या कंपन्यांतले मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ तर बहुतेक काम नाकानंच करतात. पाणी घालून मद्यार्क २० टक्क्यांवर आणतात आणि हुंगतात.

नाकाला माझी हरकत नव्हती. उरलेल्या सात ग्लासांचा मीही वास घेतला. लाज वाटली, पण घेतला. एक ग्लास नाकाशी नेला आणि डोळ्यांसमोर माहेरचं शेत उभं राहिलं. हुरड्याची आगटी! राख, धूर, कोवळं दाणं भाजल्याचा वास. मी तसं मोठ्यानं बोलून गेले. तिथल्या एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या, त्यांनी ताईकडून अर्थ समजून घेतला आणि वहीत टिपून घेतलं. तो धूर पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून थर झालेली झाडंझुडपं. ती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेलं बार्ली सुकवतात. बाईंच्या कागदावर त्याच ग्लासापुढे 'दवाखान्यातलं बँडेज' असं लिहिलेलं होतं. आगटी नि बँडेज, एकाच ग्लासात! दुसऱ्या एकात मला डिंकाच्या लाडवातल्या खारकेचा वास आला, तो शेरीच्या पिंपाचा निघाला.

बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मैत्रिणींसाठी म्हणून लिहिते. इस्ले बेटावरच्या लाफ्रोइग डिस्टिलरीत बेसी विल्यमसन नावाची मुलगी १९३४ मध्ये उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून लागली. मालकानं १९५४ मध्ये जाताना सगळा कारखाना तिच्या नावे केला. तिनं तो चालवूनही दाखवला.

पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. कामानं एक नजर दिलीय, ती सुट्टीवर जात नाही. सहापैकी एक गृहस्थ थुंकत नव्हते. अतिशय सभ्य, हळू बोलणारे. ग्लास रिकामा, दुसरा रिकामा. मी मनात हिशेब केला. सात ग्लास, १५ मिली प्रमाणे १०५ मिली. मद्यार्क ५५ टक्के धरला तर जवळजवळ ५८ मिली शुद्ध दारू. त्या देशात १० मिली शुद्ध दारूला एक युनिट म्हणतात आणि तिथल्या सरकारी डॉक्टरांनी २०१६ मध्ये सांगितलंय, की आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका. म्हणजे एका बैठकीत पावणेसहा. वर त्यांनी शेजारच्याचा उरलेला ग्लासही सहज ओढून घेतला. ते 'सहज' मी ओळखते. आमच्या घरात ते 'सहज' दहा वर्षं नांदत होतं.

स्वयंपाकघरात येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला." एवढंच.

मग गुणांची बेरीज माझ्याकडे आली. बी. ए. मराठी असले तरी मंडळाचे हिशेब मीच बघते. तक्ते पाहून गंमत वाटली. शंभरपैकी गुण, पण ७० च्या खाली फारसं कुणी उतरतच नाही! म्हणजे पहिले सत्तर नुसते हजेरीचे. दाजींचे सगळे गुण ७९ ते ८८ च्या मधे, हात आखडता. मास्तरीणबाईंचे ६५ पासून ९४ पर्यंत. नुसती सरासरी काढली तर बाईंचंच मत चालणार. म्हणून मी गुणांऐवजी प्रत्येकाचे नंबर लावले, पहिला, दुसरा, तिसरा. दाजी म्हणाले, आम्हाला कसं सुचलं नाही इतकी वर्षं?

मोजे उतरले. सगळ्यांत महाग, २५ वर्षं मुरलेली बाटली खालून तिसरी आली. पहिला नंबर एका ९ वर्षांच्या, चमचाभर दुसरी मिसळलेल्या, म्हणजे नावच नसलेल्या बाटलीला. यावर दोघांची जोरदार वादावादी झाली. मग ताई कुबडी टेकत आली आणि शांतपणे म्हणाली, "दोन नंबर आणि पाच नंबर एकच आहे."

टेबलावर पुन्हा परीक्षेची शांतता. दाजींनी दोनला ८८ दिले होते आणि पाचला ७९. बाईंनी एकाला ९१, दुसऱ्याला ७४. तीस-तीस वर्षं चव घेणारी माणसं! दाजींचे कान लाल झालेले दिव्यावरचा कागद काढल्यावरही दिसत होते. सहा जणांत एकाच तक्त्यावर पाचपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'दोनसारखंच. तीच का?' तो तक्ता त्या न थुंकणाऱ्या गृहस्थांचा.

त्याचं मला आजही काय करावं कळत नाही. माझ्या दिरांनाही अंधारात नुसत्या वासावर भाजीत कुठला मसाला ते कळायचं.

रात्री जेवताना दाजींनी स्वतःहून विषय काढला. पुढच्या वेळेपासून १० मिलीच ओतायचं आणि उरलेले ग्लास लगेच उचलायचे, असं त्यांनी ठरवलं. त्या मित्राशीही मी बोलेन, म्हणाले. बोलले की नाही, मी विचारलेलं नाही. जाताजाता त्यांनी बंगळूरची गोष्ट सांगितली. तिथल्या अमृत डिस्टिलरीनं, जगदाळे घराण्याची ती, २००४ मध्ये आपली व्हिस्की ग्लासगोत विकायला आणली. भारतातली व्हिस्की म्हटल्यावर लोक नाक मुरडायचे. लेबल न दाखवता दिली तेव्हा मात्र कुणाला ती परदेशची आहे हे ओळखता आलं नाही, असं सांगतात.

घरी आल्यावर जानेवारीत आमच्या बचत गटांची लोणच्यांची स्पर्धा होती. दरवर्षी आम्ही तिघी परीक्षक, बरण्यांवर नावांच्या चिठ्ठ्या, आणि पहिला नंबर बहुतेक वेळा गावातल्या एकाच घरात जाणार, हे ठरलेलं. यंदा मी नावं काढायला लावली. स्टीलच्या सारख्या वाट्या, बुडाला आकडे, मांडणी बालवाडीच्या बाईंकडे. वाट्या मांडल्यावर आम्हाला आत घेतलं. मधे पाणी आणि भाकरीचा तुकडा. पहिली आली ती वस्तीवरची एक बाई. आजवर तिची बरणी टेबलाच्या पार टोकाला असायची आणि आम्ही तिथवर पोचेपर्यंत जीभ थकलेली असायची, असं आम्ही स्वतःला सांगायचो. नाव वाचल्यावर मांडवात थोडा वेळ कुणी टाळी वाजवली नाही. मग तिच्याच गटातल्या बायकांनी सुरुवात केली.

त्या रात्री ताईला फोन लावला. दाजींनी मधेच फोन घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "एक वाटी दोनदा ठेवली होती का?"

"ठेवली होती. बालवाडीच्या बाईंनी, आम्हाला न सांगता."

"मग?"

"मीच तिला एकदा २० पैकी १८ दिलेत, आणि एकदा १३."

पलीकडून दाजी इतके हसले, की ताईनं फोन काढून घेतला.